यंत्राचा हात, घोडनदीचा रोगी

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोठ्यांच्या, बंद पडलेल्या गुऱ्हाळांच्या आणि एसटीच्या निवाऱ्यांच्या भिंतींवर एक जाहिरात वर्षानुवर्षे टिकून आहे. कधी निळ्या रंगात, कधी लाल : 'मूळव्याध, भगंदर, फिशर. ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज.' खाली मोबाइल नंबर. चौफुल्याला सोलापूर महामार्ग लागतो, गाडी पुण्याकडे वळते आणि शहर जवळ आले की दुसरी जाहिरात दिसू लागते. ही छापील आणि रात्री उजळणारी. तिच्यात पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले यांत्रिक हात असतात, बाजूला हाताची घडी घातलेले डॉक्टर असतात आणि शब्द असतात 'अचूक', 'कमी वेदना', 'लवकर घरी'.

या दोन जाहिरातींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेले कितीतरी रोगी पहिल्या जाहिरातीपासून निघून दुसरीपाशी पोचतात. मधे जे महिने जातात, ते कोणत्याच फलकावर नसतात.

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय नियतकालिकांतले निबंध वाचण्याचा नाद आहे, एवढेच. त्या वाचनाच्या आधारे दुसऱ्या जाहिरातीतला दावा तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. तो मी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत उभे राहून करणार आहे. शिरूर यंत्राला बुजणारा तालुका आहे, असे मात्र कोणी समजू नये. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली 'फॅब लॅब' २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. नवे यंत्र आले की ते इथे कोणाच्या, काय कामाचे, हा प्रश्न या तालुक्याने पूर्वीच विचारलेला आहे.

आधी शब्दाचे पाहू. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे धन्याकडे सक्तीने करावी लागणारी मजुरी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द होता : वेठ. मराठीने मात्र 'यंत्रमानव' केला, त्यात वेठ गळाली आणि मानव आत शिरला. त्यामुळे 'रोबोट ऑपरेशन करतो' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या बुद्धीने चालणारा, न थकणारा, न चुकणारा कोणीतरी उभा राहतो. शस्त्रक्रियागृहातल्या यंत्राला जुनाच अर्थ शोभतो. ते वेठीला धरलेले यंत्र आहे. सर्जन चार-सहा पावलांवर एका मेजापाशी बसतो, दोन भिंगांतून पोटातले चित्र पाहतो आणि बोटे हलवतो. ती हालचाल यंत्राचे हात रोग्याच्या पोटात जशीच्या तशी, पण लहान करून वठवतात. गाठ कुठे आहे, ती किती पसरली आहे, आतडे कुठून कापायचे, यातले काहीही यंत्राला कळत नाही.

या यंत्रांत सर्वांत परिचित नाव 'दा विंची'चे. मूळ संशोधनाला अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा होता. रणांगणावर पडलेल्या सैनिकावर दुरून शस्त्रक्रिया करता यावी, ही कल्पना. सैनिकांपर्यंत यंत्र पोचले नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने ते रुग्णालयांकडे वळवले आणि २००० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. त्याचे गुण खरे आहेत. दुर्बिणीच्या साध्या शस्त्रक्रियेतली अवजारे लांब काठीसारखी ताठ असतात, याच्या अवजारांना मनगट असते. चित्र खोली दाखवणारे आणि मोठे दिसते. हाताचा कंप गाळला जातो. सर्जनला तासन्‌तास वाकून उभे राहावे लागत नाही. उणेही खरे आहे. हाताला लागणारा उतींचा मऊ-कठीणपणा या यंत्राने सर्जनकडून बरीच वर्षे काढून घेतला होता. दाबाची जाणीव देणारी आवृत्ती २०२४ मध्ये आली.

आता पुरावा. इथे जाहिरात एक घोटाळा करते आणि तो लक्षात घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोठे आतडे आणि त्याचा शेवटचा वीतभर भाग, म्हणजे गुदाशय, यांना फलकावर एकाच ओळीत बसवलेले असते. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने या दोन वेगळ्या जागा आहेत. मोठे आतडे पोटाच्या मोकळ्या पोकळीत असते. गुदाशय ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद कोनाड्यात असतो आणि मूत्राशयाच्या व जननेंद्रियांच्या नसा त्याला खेटून जातात. मनगट असलेल्या अवजाराचा उपयोग कोनाड्यात जास्त होणार, हे सांगायला सर्जन लागत नाही. विहिरीच्या तळाशी काम करणे आणि अंगणात काम करणे यांत जेवढा फरक, तेवढा हा.

अंगणाची गोष्ट आधी. रोबोटने मोठ्या आतड्याचा भाग काढल्याचा पहिला वृत्तांत २००२ मध्ये छापून आला, तो कर्करोगाचा नव्हता. त्याआधीचा मोठा प्रश्न दुर्बिणीचाच होता : पोट उघडण्याऐवजी दुर्बिणीतून कर्करोग काढला तर तो परत येईल का? अमेरिका-कॅनडातल्या ४८ संस्थांमधल्या ८७२ रोग्यांवरच्या चाचणीने २००४ मध्ये उत्तर दिले. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, पोट उघडलेल्या गटात १८ टक्के, म्हणजे फरक नाही. रोगी लवकर घरी गेले, वेदनाशामके कमी लागली. 'कमी वेदना, लवकर घरी' ही कमाई तेव्हाच, रोबोटशिवाय झालेली आहे. आजची जाहिरात रोबोटची तुलना उघड्या पोटाशी करते आणि दुर्बिणीची कमाई रोबोटच्या खात्यावर मांडते. तुलना करायची तर दुर्बिणीशी करायला हवी. ती दक्षिण कोरियातल्या एका गटाने उजव्या बाजूच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत केली आणि २०१२ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त मांडली. सत्तर रोगी, चिठ्ठ्या टाकून दोन गट. रुग्णालयातले दिवस, गुंतागुंत, काढलेल्या रसग्रंथी, कशातच म्हणण्यासारखा फरक नाही. रोबोटला वेळ तासाभराने जास्त लागला आणि खर्च वाढला. वाढीव खर्चाचे समर्थन होईल असा लाभ दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. सत्तर ही संख्या लहान आहे आणि त्यानंतर सर्जनांचे हातही बसले आहेत, हे मान्य. आतड्याची दोन टोके पोटाच्या आतच शिवायची असतील तर रोबोटने ते सोपे जाते, असे अनेक सर्जन सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण सोपे जाते ते सर्जनला. रोगी त्यामुळे जास्त जगतो, हे मोठ्या आतड्यापुरते अजून दाखवायचे राहिले आहे.

विहिरीची गोष्ट वेगळी आणि ती रोबोटच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लीड्सचे डेव्हिड जेन यांच्या नेतृत्वाखाली १० देशांत गुदाशयाच्या कर्करोगाच्या ४७१ रोग्यांवर 'रोलार' ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'जामा'त आले. दुर्बिणीचे काम अर्ध्यात सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१ टक्के. कल रोबोटकडे, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा. खर्च मात्र दर रोग्यामागे हजारेक पौंडांनी जास्त. पुढे चीनमधल्या ११ रुग्णालयांत १,२४० रोग्यांवर 'रियल' नावाची चाचणी झाली, तिची तीन वर्षांची फळे २०२५ मध्ये आली. मधल्या व खालच्या गुदाशयाचा कर्करोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीत ४ टक्के, रोबोटमध्ये १.६ टक्के. हा फरक खरा आहे. एकूण जगण्यात तेवढ्या काळात ठळक फरक दिसला नाही, आणि ही शस्त्रक्रिया करणारे सर्जन रोबोटवर चांगले मुरलेले होते, ही दोन वाक्ये त्याला जोडून वाचायची. दौंडच्या माणसाचा गुदाशयाचा खालचा भाग बाधित असेल, सर्जन मुरलेला असेल आणि पैशाची सोय असेल, तर रोबोट मागण्यात वावगे काही नाही. उजव्या आतड्याच्या गाठीसाठी शेत गहाण टाकून रोबोट मागण्यात आहे.

'अचूक' या शब्दाबद्दल एक इशारा दुसऱ्या अवयवाकडून येतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बीण आणि रोबोट यांनी केलेली शस्त्रक्रिया डोळ्यांना फार देखणी दिसायची. २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के आणि छोट्या छेदांच्या शस्त्रक्रियेत ८६ टक्के निघाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सावधगिरीचे पत्रक काढले आणि कर्करोगावरच्या उपचारात रोबोटची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, असे बजावले. मोठ्या आतड्याच्या बाबतीत तसा अपाय दिसलेला नाही, हेही लगेच सांगतो. पण पडद्यावर सुंदर दिसणे आणि रोगी जगणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चाचणीने महागात शिकवले.

आता त्या रस्त्याकडे परत येऊ. एक रोगी कल्पून पाहा. न्हावऱ्याचा, पंचावन्न वर्षांचा, तीन एकर ऊस, दोन जर्सी गाई. चढ चढताना धाप लागते, दम टिकत नाही. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. त्याला लोहाच्या गोळ्या मिळतात, ताकदीच्या म्हणून सलाईनच्या बाटल्या चढतात, थोडे बरे वाटते. पुरुषाला पाळी येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या अंगातले रक्त कमी होते आहे, तर ते कुठूनतरी जाते आहे, आणि पुष्कळदा ते पोटातून जाते. उजव्या बाजूच्या आतड्याची गाठ अशीच गुपचूप रक्त सांडते. शौचाला लाल दिसत नाही, दुखत नाही. गाठ डाव्या बाजूला किंवा गुदाशयात असेल तर रक्त दिसते, आणि मग भिंतीवरचा नंबर हाताशी असतोच. मूळव्याध हा गावात स्वतःच करायचा निदानप्रकार आहे. मलम, चूर्ण, कुठे सुई, कुठे क्षारसूत्र. क्षारसूत्राला माझा आक्षेप नाही, जिथे ते हवे तिथे ते उत्तम चालते. आक्षेप आहे तो बोट न घालता दिलेल्या निदानाला. गुदाशयाच्या कितीतरी गाठी बोटाला लागतात. हातमोजा, थोडी जेली आणि अर्धा मिनिट. ती तपासणी टळते, कारण रोगी लाजतो आणि बाहेर पन्नास माणसे बसलेली असताना डॉक्टरही टाळतो. बाई रोगी असेल आणि तपासायला बाई डॉक्टर नसेल, तर विषयच संपला.

असे सात-आठ महिने जातात. मग ऐन गाळपाच्या हंगामात एका रात्री पोट फुगते, वारा सरत नाही, उलट्या सुरू होतात. आतडे तुंबले. त्या रात्री दौंडला किंवा शिरूरला जी शस्त्रक्रिया लागते, किंवा रुग्णवाहिकेतून पुण्याला पोचल्यावर जी होते, ती बहुधा पोट उघडून होते आणि कित्येकदा पोटावर आतड्याचे तोंड काढून पिशवी लावावी लागते. फुगलेल्या आतड्यांच्या गर्दीत रोबोटला हात हलवायला जागा नसते. हाच माणूस आठ महिने आधी, नुसती धाप लागत असताना कोलोनोस्कोपीच्या टेबलावर पोचला असता, तर त्याची शस्त्रक्रिया रोबोटने, दुर्बिणीने की चाकूने झाली, याने त्याच्या आयुष्यात फार थोडा फरक पडला असता.

मग सरसकट सगळ्यांची तपासणी करावी का? ब्रिटनमध्ये २००६ पासून पोस्टाने घरी आलेल्या संचात शौचाचा नमुना पाठवून ती होते. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, आतड्याची नाही, आणि ग्रामीण महाराष्ट्रात या रोगाचे प्रमाण कमी असल्याने सध्या ते समजण्यासारखे आहे. मी मागतो आहे ते त्याहून लहान आहे : ज्याला रक्त जाते, ज्याचे रक्त विनाकारण कमी होते, ज्याची शौचाची सवय महिनाभर बदललेली आहे, एवढ्यांनाच कोणीतरी बोट लावून तपासावे आणि पुढे धाडावे.

शस्त्रक्रियेनंतरचा भागही फलकावर नसतो. रसग्रंथींत रोग पोचला असेल तर केमो लागते आणि ती अर्धवट सुटते, कारण दर तीन आठवड्यांनी शिरूरहून पुणे म्हणजे रोग्याची आणि सोबतच्या माणसाची, अशा दोन मजुऱ्या बुडतात. पिशव्या विकत आणाव्या लागतात. २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने याच रोगाच्या ८८९ रोग्यांवरची एक चाचणी छापली. शस्त्रक्रिया आणि केमो संपल्यावर एका गटाला मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली तीन वर्षे व्यायाम करायला लावला, मुख्यतः चालण्यासारखा. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेले त्या गटात ८०.३ टक्के, नुसती पुस्तिका दिलेल्या गटात ७३.९. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एवढा फरक दाखवून देणे रोबोटला अद्याप जमलेले नाही. चालण्याचा फलक मी अजून पाहिलेला नाही.

फलक का लागतात, याचे कारण हिशेबात आहे. यंत्राची किंमत कोटींत, देखभालीचा वार्षिक करार वेगळा, आणि अवजारांत बसवलेली चकती वापर मोजते. ठरलेले वापर संपले की धार असली तरी अवजार चालत नाही. कित्येक अवजारांची मर्यादा बरीच वर्षे दहा वापरांची होती. असे यंत्र रिकामे ठेवणे कोणालाच परवडत नाही. म्हणून जिथे त्याची गरज कमी, तिथेही ते लावले जाते. नवा सर्जन कोनाड्यात उतरण्याआधी मोकळ्या पोकळीत हात बसवतो, हेही एक कारण. हात कुठेतरी बसवावाच लागतो, पण ज्याच्या पोटात तो बसतो त्याला ते सांगितलेले असावे. खर्चाचे म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेल्या योजनेत, ठराविक शस्त्रक्रियेला ठराविक रक्कम अशी रचना आहे. खासगी विम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येणार नाही, असे नियामकाने २०१९ मध्ये सांगितले, पण कंपनीला त्यावर वेगळी कमाल मर्यादा घालण्याची मुभा ठेवली. ती मर्यादा बारीक अक्षरांत असते आणि डिस्चार्जच्या दिवशी मोठ्या अक्षरांत दिसते.

एक आशावादी उत्तर हल्ली ऐकू येते : रोबोट दौंडला ठेवू, सर्जन पुण्यात बसेल. कल्पना जुनी आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या एका बाईचे पित्ताशय काढले. भारतीय बनावटीचे 'एसएसआय मंत्र' हे यंत्रही आता दुरून शस्त्रक्रिया करून दाखवते आहे, आणि देशी यंत्राने किंमत उतरली तर आनंदच आहे. पण तालुक्यात सर्जनचा हात ही एकच वस्तू अपुरी नाही. भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागते, काढलेला तुकडा नीट तपासणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. आतड्याची जोड गळू लागते ती बहुधा शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी. रोग्याची नाडी वाढते, पोट ताठरते, आणि ते रात्री दोन वाजता ओळखणारी नर्स तिथे असावी लागते. तिला तारेवरून पाठवता येत नाही.

दौंड जंक्शनवरून गाड्या पुण्याकडे जातात, तशा सोलापूरकडेही जातात. त्या बाजूला कुर्डुवाडीला उतरले की बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांची देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागात आतड्याचा कर्करोग कमी, हे मी वर लिहिले ते अशा नोंदवह्या आहेत म्हणून. याच रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या माणसांनी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन चाचणी केली आणि आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटतात, हे २००९ मध्ये जगाला दाखवले. खेड्यातून निघालेला पुरावा कसा दिसतो, ते पाहायचे असेल तर तो तिथे आहे. रोबोटच्या बाबतीत मी वर दिलेला एकही आकडा असा नाही.

यंत्र साधे करत नेण्याची वाटही आपल्याकडे आहे. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी देशातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली, तेव्हा हे श्रीमंतांचे खूळ आहे, असे म्हणणारे होते. लवकर कामावर परतण्याची गरज गरिबालाच जास्त आहे, असे उडवाडिया सांगत राहिले. आज तालुक्याच्या गावी दुर्बीण आहे. पुढे डॉ. जे. ज्ञानराज यांच्यासारख्या ग्रामीण सर्जनांनी पोटात वायू न भरता, पोटाची भिंत वर उचलून धरणारी दुर्बिणीची पद्धत खेड्यांतून रुजवली. महागडी भूल आणि वायूची यंत्रणा यांवाचून ती चालते. आणि 'रोलार' चाचणीचे तेच डेव्हिड जेन नंतर ईशान्य भारतातल्या ग्रामीण सर्जनांबरोबर या वायूविरहित दुर्बिणीच्या अवजारावर आणि प्रशिक्षणावर काम करू लागले. रोबोटची सर्वांत कडक परीक्षा घेणारा माणूस दुसऱ्या टोकाच्या अवजाराकडेही वळला, ही गोष्ट मला कोणत्याही आकडेवारीइतकी बोलकी वाटते.

पुण्याच्या काउंटरवर बसलेल्या नातेवाइकाने विचारायचे ते एवढेच : गाठ आतड्यात आहे की गुदाशयात? हीच शस्त्रक्रिया तुम्ही साध्या दुर्बिणीने करता का, आणि करत असाल तर रोबोटने आमच्या माणसाला नेमके काय जास्त मिळेल? तुम्ही स्वतः अशा किती केल्या आहेत? पाचव्या रात्री काही झाले तर इथे कोण असेल? आणि शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा कागद हातात येईल, तेव्हा त्यात तपासलेल्या रसग्रंथींची संख्या पाहावी. बारा किंवा जास्त असावी, असा जगभरचा दंडक आहे. कमी असेल तर का, ते विचारावे. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी जपून ठेवावा. पुढची पाच वर्षे दर खेपेला तोच मागतील.